तीस पावलांवरून

गाडी जुनी होती. पोलादाच्या प्लांटवर आलेला एक परदेशी इंजिनियर मायदेशी परतताना ती अरुणकुमार साहेबांना देऊन गेला होता. काळी, जड, बोटीतून आलेली, दहा-बारा वर्षं वापरलेली. तिला इथला नंबर मिळायला हवा होता आणि दुर्गच्या मोटार तपासनीसाने तिला एका दिव्यापायी परत पाठवलं होतं.

मागच्या बाजूला मधोमध एकच पिवळट दिवा होता. तपासनीस शामसुंदर यांनी त्यावर छडी टकटक वाजवली. "ऐसा नहीं चलेगा. ब्रेक दबाया तो लाल बत्ती, छोडा तो बंद. और दिन की धूप में तीस कदम से दिखना चाहिए." मग त्यांनी एक छापील कागद हातात दिला. नवा दिवा बसवल्यावर त्यावर दोन सह्या हव्या होत्या. एक ब्रेक दाबणाऱ्याची, दुसरी मागे उभं राहून दिवा पाहणाऱ्याची.

काम टिकारामकडे आलं. तो प्लांटच्या गॅरेजात इलेक्ट्रिशियन होता, तुमसरकडचा. तीन वर्षं तो कामगारांच्या कॅम्पातल्या मातीच्या खोलीत राहत होता. शेवंता, त्याची बायको, पोटुशी होती आणि माहेरी क्वार्टरची वाट पाहत होती. साहेब म्हणाले होते, "नंबर मिल जाए, फिर तुम्हारा क्वार्टर पक्का." ते शब्दाला जागणारे होते.

मे महिना होता, १९६२ चा. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये हवा इतकी तापायची की पाना हातात धरवत नसे. टिकारामने लाल काचेचे दोन दिवे बसवले, वायर ओढली, पेडलखालचा स्विच जोडला आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसला. आता एक अडचण होती. ब्रेकवर पाय ठेवणाऱ्याला मागचा दिवा दिसत नाही.

"फकिरा, हायेस का रे?" त्याने हाक मारली. बाहेर पावलं वाजल्यासारखं वाटलं. त्याने पेडल दाबलं. "लागला का रे?"

"लागला."

त्याने पाय उचलला. "आता?"

"इझला."

असं सात-आठ वेळा झालं. आवाज शेडच्या दारापलीकडून, उन्हातून येत होता. शांत, थोडा कोरडा. गॅरेजात पंजाबी होते, बंगाली होते, मल्याळी होते. टिकारामच्या घरच्या बोलीत बोलणारा फकिरा ड्रायव्हर तेवढा एक. म्हणून त्याने वळून पाहिलंही नाही. कपाळ पुसलं, हत्यारं आवरली आणि चहाला गेला.

चार वाजता फकिरा जीप घेऊन फाटकातून आत आला. धुळीने पार माखलेला.

"दिवा झकास लागला ना?" टिकाराम म्हणाला.

"कोनचा दिवा?"

"अरे, तूच त पाहून राहिला होता दुपारी."

फकिरा हसला. "मी सकाळपासून उतई गावाले होतो, बावा. ऊन लागलं का तुले?"

टिकाराम फाटकावर गेला आणि चौकीदाराची वही पाहिली. जीप सकाळी साडेआठला बाहेर, चार वाजता आत. मधे काही नाही.

नागपूरला दीक्षा घेतली त्या दिवसापासून टिकारामने देव सोडले होते आणि देवांबरोबर भुतंही. दारापलीकडे कोणी मजूर असेल, त्याने मस्करी केली असेल, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्याने पेडलवर वीट ठेवली आणि स्वतः मागे गेला.

दिवे विझलेले होते.

त्याने वीट काढली, स्विच तपासला. करंट बरोबर येत होता. पुन्हा वीट ठेवली, पुन्हा मागे गेला. विझलेले. काचेला तळहात लावला. काच मात्र गरम होती, पण उन्हात सगळंच गरम होतं.

मग तो परत सीटवर बसला. विचारायचं नाही असं ठरवून त्याने पेडल दाबलं.

"लागला," बाहेरून आवाज आला.

तो दार उघडून धावत बाहेर गेला. अंगणात मुरूम होता, तेलाचे डाग होते, पांढरं ऊन होतं. लांब कोक ओव्हनच्या भट्ट्यांकडून धूर वर चढत होता. कुठेही, कोणीही नव्हतं.

कागद दुसऱ्या दिवशी दुर्गला द्यायचा होता. फकिराला खरोखर मागे उभं करावं, हे टिकारामला सुचलं नाही असं नाही. पण फकिरा म्हणाला असता, "इझेलच हाये," तर क्वार्टर गेलं. आणि फकिरा तिथे उभा असताना तो दुसरा बोलला असता, तर? त्याने कागदावर ब्रेक दाबणाऱ्याच्या जागी स्वतःची सही केली आणि खालची जागा फकिरापुढे धरली.

"पाहिलास असं लिहिलं हाये," तो हळूच म्हणाला.

"तू बसवला म्हन्जे लागतच असंन. पाहाले काय लागते?" फकिराने मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं.

दुर्गला शामसुंदर यांनी कागद वाचला, दोन्ही सह्या बोटाने दाखवत मोजल्या आणि गाडीकडे न पाहता शिक्का मारला.

गाडीला नंबर मिळाला. फकिरा तिचा ड्रायव्हर झाला. आठवड्याभरात टिकारामला क्वार्टरची चिठ्ठीही आली. शेवंताला पत्र टाकून तो पोस्टातून परतत होता, तेव्हा फकिराची बायको गिरजाबाई त्याच्या खोलीच्या दारात उभी दिसली.

"भाऊजी, दोन दिवस झाले, हे घरी येऊन नाही राहिले. साहेब टूरवर गेले. गाडी बंगल्यावरच उभी हाये. मंग ड्युटी कायची?"

"बोलावलं नाही तुमी?"

"गेली होती. माह्याकडं पाहूनच नाही राहिले."

टिकाराम सायकलवर साहेबांच्या बंगल्यावर गेला. दुपारचा एक वाजला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

गाडी पोर्चमध्ये होती. फकिरा फाटकापाशी, गाडीच्या मागे बराच लांब, भर उन्हात उभा होता. अनवाणी. ओठ फुटलेले. नजर दिव्यांवर.

"फकिरा, चाल. वहिनी वाट पाहून राहिली."

"थांब. अजून झालं नाही."

"काय झालं नाही?"

"लागला," फकिरा म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "इझला."

टिकारामने दिव्यांकडे पाहणं टाळलं. तो पोर्चपर्यंत चालत गेला आणि काचेतून आत वाकला. ड्रायव्हरची सीट रिकामी होती. किल्ली नव्हती. ब्रेकचं पेडल तळापर्यंत खाली गेलेलं होतं.

तो पाहत असतानाच ते हळूहळू वर आलं.

मागून फकिरा म्हणाला, "इझला."

टिकाराम परत फिरला. फकिराचा दंड त्याने घट्ट धरला. दंड तापलेला होता, पण घामाचा थेंब नव्हता.

"कोनाले सांगून राहिला तू? आत कोनी नाही."

फकिराने प्रथमच त्याच्याकडे पाहिलं. जरा नवलाने.

"असा काय करतोस? तूच त इचारून राहिला."

टिकारामने ओठ घट्ट मिटले. श्वासही रोखला.

"लागला का रे?" गाडीतून आवाज आला.

त्याचाच आवाज होता.

फकिरा उत्तर द्यायला वळला. टिकारामच्या उजव्या पायाखालचा मुरूम ब्रेकच्या पेडलासारखा मऊपणे खाली गेला, क्षणभर तिथेच राहिला, आणि मग त्याचा पाय उचलत पुन्हा वर आला.