मार्तंडाची थंड आग

नागपूरच्या मे महिन्याची शपथ, या गोष्टीत खोटं निम्म्याहून जास्त नाही.

हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेच्या दारात एक उंच, घामाघूम तरुण येऊन उभा राहिला, तेव्हा सुमती काचेच्या नळ्या धूत होती. तिथं रक्तही काढायचे आणि जंतूही वाढवायचे.

"मॅडम, माह्याजवळ प्लाझ्मा आहे..."

प्लाझ्मा म्हणजे रक्तातलं पिवळं पाणी, आणि ते माणूस अंगातूनच आणतो! धरमपेठेतल्या, शुद्ध बोलणाऱ्या सुमतीला एवढं पक्कं ठाऊक. "झोपा," ती म्हणाली. तो निमूट झोपला. बाटली भरत आली, तेव्हा तिनं विचारलं,

"दुखतंय का?"

"नाही जी. पण मी जंतू मागाले आलो, त तुम्ही रक्त काहून घेऊन राहिल्या?"

सुमतीच्या हातातला कापूसच खाली पडला!

तो मार्तंड. सावनेरचा, कॉलेजात फिजिक्स शिकवणारा. त्याचा प्लाझ्मा म्हणजे विजेनं पेटवलेला वायू. सीताबर्डीवरच्या दुकानाची निऑनची जुनी पाटी मोडून त्यानं यंत्र केलं होतं. कॉलेजच्या साहेबांनी बजावलं होतं – शनिवारपर्यंत जंतू मारून दाखव, नाहीतर यंत्र भंगारात आणि तू सावनेरला, बापाच्या कापसाच्या जिनिंगवर.

चुकून घेतलेल्या रक्ताची भरपाई म्हणून सुमती जंतूंच्या बशा घेऊन कॉलेजात जाऊ लागली. काचेच्या नळीतून सुसू करत जांभळी ज्योत निघायची. मार्तंड तीत खुशाल बोट धरायचा.

"मार्तंड म्हणजे सूर्य ना? मग आग अशी थंड कशी?"

"सूर्य तापला त धरमपेठ जळंल ना!"

ती हसत पुढे वाकली, तसा त्यानं तिचा हात ओढला. "तार आहे तिथं, सरक वं!"

"वं? ही काय हाक झाली? आमच्याकडे सुमतीताई म्हणतात."

"ताई त मी मेलो तरी नाही म्हणणार..."

हात मात्र दोघांनीही सोडवला नाही. वर पंखा उगाच करकरत राहिला.

जंतू मात्र मरेनात. शुक्रवार उजाडला, आणि सुमती सकाळीच नवी बशी घेऊन आली. हा गेला, तर...?

"ज्योत लांबून धरता तुम्ही," ती म्हणाली. "जवळ जायला घाबरता."

"जंतूंच्या?"

"...जंतूंच्याच."

तो कानापर्यंत लाल झाला. शेवटची बशी त्यानं पाठमोरा उभा राहून केली, तिला पाहूसुद्धा दिली नाही.

शनिवारी सकाळी तिनं उबेची पेटी उघडली. बशीभर जंतूंची दाट साय धरली होती, आणि मधोमध, जिथं ज्योत फिरली तिथं, काच कशी लख्ख! एकच वाकडंतिकडं अक्षर. त्यावर टिंब.

वं.

दारात मार्तंड उभा. सावनेरला जायची पिशवी खांद्यावर, नजर पायांच्या अंगठ्यावर.

"मेले?" त्यानं विचारलं.

"मेले. साहेबांनी विचारलं, हे अक्षर कसलं, तर काय सांगणार?"

"सांगीन... हाक मारली होती. ओ आली नाही."

सुमतीनं बशी छातीशी धरली. जन्मात जी सावनेरी हाक धरमपेठी जिभेवर आली नव्हती, ती आली –

"पिशवी खाली ठेव गा!"

खोटं निम्मं कुठलं, ते तुम्ही शोधा. तो 'गा' मात्र अगदी खरा.