वीतभर कापड

टण्ण... फळीवरची वाटी पडली, गरगरत उंबऱ्याशी गेली आणि आडवी झाली. धाकटा पाळण्यात निजलेला. थोरली राजी मात्र टक्क जागी. मी लेखणी तशीच धरून वाटीकडे बघत राहिले. माझंही सगळं असंच घरंगळण्यापासून तर सुरू झालं होतं!

शुक्रवार पेठेत माझ्या माहेरी हातमाग. त्या दिवशी ओट्यावर बसून मी कांड्यांवर सूत भरत होते. टोपली कलंडली आणि एक कांडी उतारावरून जी निघाली, ती थेट एका पांढऱ्याशुभ्र धोतराशी थांबली. शिवयोगी मास्तर—शाळेत नवेच आलेले.

"घर्षण नसतं ना," कांडी उचलत ते म्हणाले, "तर ही पार मोडनिंबला पोचली असती."

"घर्षण कशाला? तुमचा पाय आडवा आला की!"

ते कानापर्यंत लाल झाले.

मग रोज शाळा सुटली की त्यांची वाट नेमकी आमच्या ओट्यासमोरून. त्यांनी मला शब्द दिले—वेग, बल, जडत्व.

"जडत्व म्हंजी?"

"थांबलेल्याला हलावंसं न वाटणं. आता मलाच इथून..." पुढचं त्यांनी गिळलं. मी एकाच कांडीवर उगाच सूत गुंडाळत राहिले.

आणि मला मोडनिंबचं स्थळ आलं. ते कळताच मास्तर सरळ घरी आले, माझ्या वडिलांकडे, अप्पांकडे, मला मागणी घातली. अप्पांनी त्यांची शाईची बोटं न्याहाळली.

"जात आपलीच, पर हात शाळंचा. माग न येणाऱ्याला आमी पोरगी देत न्हाय. उद्या मोडनिंबकर येत्यात. आत्ता बसून वीतभर कापड इणा, पोरगी तुमची."

मास्तर बसले. सगळं बळ एकवटून दोरी ओढली—आडवं सूत नेणारा धोटा सुसाट सुटला, मागाबाहेर उडून भिंतीवर आदळला.

"बंदूक हाय व्हय ही?" अप्पा गरजले. "अजून एकदा. आता उडाला, तर उठायचं."

आत चुलीपाशी मी कान देऊन होते. जोर नको हो, झटका द्या... ओढा, की लगेच सोडा! पण सांगू कशी? हातातली पळी घागरीवर हलकेच मारली. टण्. थांबले. टण्.

मग बाहेर—खट्! माझ्या टण्‌पाठोपाठ खट्... धोटा गेला, गुमान परत आला.

"घागर लई वाजतीया आज," अप्पांचा आवाज आला. माझा हात हवेतच राहिला. "कस्तुरा, थांबलीस का? वाजव की!"

हात भरून आला, तरी वाजवत राहिले. शेवटी अप्पांनी कापडावर आपली वीत टेकवली.

"ईण सैल हाय," ते म्हणाले, "पर हाय!"

मोडनिंबला नकार गेला. निघताना मास्तर दारात घुटमळले.

"मला वाटायचं, सगळं जोर लावण्यात आहे. तुम्ही... तू मला सोडायला शिकवलंस."

"मला सोडू नका म्हंजी झालं," मी म्हटलं. "तारीख काढा!"

...पदर ओढला गेला. राजी वाटी घेऊन उभी, अगदी वडिलांसारखे डोळे बारीक करून.

"आई, वाटी थांबली ना, मग तिचा वेग कुटं गेला गं?"