खिडकीतला बगळा

"कोपरे गोल काप, रुफस! टोक राहिलं की पाकिटात घालताना मुडपतं," टिल्डा म्हणाली.

"कापतोय की! तुला काय पोलिसात नेमलंय?"

अमेरिकेतल्या डुलुथमध्ये, गसच्या खेळायच्या चित्रपत्त्यांच्या दुकानात मागच्या टेबलावर कागदाच्या कपट्यांचा ढीग पडला होता. सुट्टी लागून चारच दिवस झाले होते, पण टिल्डा, रुफस आणि पकू यांना मान वर करायला फुरसत नव्हती. शनिवारी सोरेनचा वाढदिवस होता. टिल्डाचा हा मोठा भाऊ फेब्रुवारीत गेला. शनिवारी तो पंधरा वर्षांचा झाला असता. त्या दिवशी दुकानातल्या प्रत्येक मुलाने सोरेनच्याच पत्त्यांनी खेळायचं, असं तिघांनी ठरवलं होतं.

पण खरा संच एकच! म्हणून छापील नकला. पत्ता छापायचा, कापायचा आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात एखाद्या साध्या पत्त्यापुढे सरकवायचा. शेवटचं काम पकूचं. प्रत्येक नकलेवर पेनाने 'नक्कल' असं लिहायचं. हा सोरेनचा नियम. "ज्याच्याकडे पत्ता नाही त्यालाही खेळता यावं म्हणून नक्कल. कुणाला फसवायला नव्हे," असं तो म्हणायचा.

"आता फक्त बगळा राहिला," टिल्डा म्हणाली.

तिने पिशवीतून जाड प्लॅस्टिकची डबी काढली. आत 'अग्निपंखी बगळा' हा दुर्मीळ पत्ता होता. गावात असा एकच. दवाखान्यात शेवटपर्यंत तो सोरेनच्या उशाशी होता.

गसने डबी उघडली. दुकान त्यांचंच, केस पांढरे झालेले, तरी सगळी मुलं त्यांना नुसतं गस म्हणत. पत्ता छपाईच्या यंत्रावर ठेवता ठेवता ते थबकले. तो बोटांत फिरवून पाहिला, मग खालून टॉर्च धरला.

"टिल्डा... हा खरा नाही गं."

"काय?"

"खऱ्या पत्त्यातून उजेड आरपार येतो. हा बघ, काळा ठिक्कर. साध्या पत्त्यावर छापील कागद चिकटवलाय." गसने सुस्कारा टाकला. "आणि 'नक्कल' असंही लिहिलेलं नाही. सोरेन असं करेल असं वाटलं नव्हतं."

दुकानातली बाकीची मुलंही वळून पाहू लागली. टिल्डाचे कान तापले. तेवढ्यात तिला दिसलं, की रुफसने आपल्या वहीतून तीन पत्ते काढलेत. सोरेनने अदलाबदलीत दिलेले. तो हळूच टॉर्चकडे हात नेत होता.

"रुफस!"

"नुसतं बघतोय..."

टिल्डा बाहेर पळाली. तळ्यावरून बोचरा वारा येत होता. सोरेन घरी असता तर धावत जाऊन विचारलं असतं. त्याने कान पिळून खरं काय ते सांगितलं असतं. आता त्याच्या नावावर खोटेपणा चिकटला होता आणि तो पुसायला तो स्वतः नव्हता. दुकानाच्या भिंतीला टेकून ती हुंदके देऊ लागली.

पकू मागोमाग आली. शेजारी उभी राहून ती दुकानाच्या खिडकीत मांडलेले पत्ते पाहू लागली. मग म्हणाली, "टिल्डा, खिडकीतला बगळा ताठ आहे."

"मग मी काय करू?"

"अगं, नीट बघ! उन्हाने रंग उडतो म्हणून गस खिडकीत खरे पत्ते कधीच ठेवत नाहीत. सगळ्या चिकटवलेल्या नकला. दमट हवेने बाकी सगळ्यांच्या कडा वळल्यात. हा एकटाच सरळ!"

टिल्डाने डोळे पुसून काचेला नाक लावलं. बगळ्याच्या लाल पंखांचा रंग उडून ते फिकट निळे झाले होते.

"डिसेंबरमध्ये गसने बगळा मागून घेतला होता," ती सावकाश म्हणाली. "खिडकीसाठी नक्कल करायला. मग डबीत घालून आईजवळ दिला. आई तो दवाखान्यात घेऊन गेली."

रुफस खाली मान घालून बाहेर आला. "तिन्ही खरे निघाले. मी गाढव आहे."

"आहेसच. टॉर्च आणलास?"

"थेट सांगितलं तर गस म्हणतील, 'मुलांनो, गैरसमज होतोय,'" पकू म्हणाली. "मोठ्यांचं ठरलेलंच असतं."

म्हणून रुफस साळसूद चेहऱ्याने आत गेला, मागोमाग दोघी. "गस, शनिवारसाठी खिडकीतला बगळा देता? नक्कलच आहे ना?"

"नक्कलच. मी स्वतः केलीय. घेऊन जा."

"दुमडून खिशात घालू?" खिडकीतून पत्ता काढत रुफसने विचारलं.

"कागदच तो, घाल की!"

"थांब!" टिल्डा ओरडली आणि तिने पत्त्याखाली टॉर्च लावला.

पत्त्यातून उजेडाचा गोल स्वच्छ उमटला.

गसने पत्ता हातात घेतला, पुन्हा पुन्हा पाहिला आणि ते स्टुलावर बसले. "दोन्ही याच काउंटरवर ठेवले होते. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं... मी माझ्या नकलेवर लिहिलंच नव्हतं." त्यांचा आवाज चिरकला. "म्हणजे त्या पोराच्या उशाशी..."

त्यांनी बगळा टिल्डाच्या हातात ठेवला. 

शनिवारी दुकान मुलांनी भरलं. गसने टोपी काढली. "सोरेनने कधी कुणाला खोटा पत्ता दिला नाही. चूक माझी होती आणि आरोप मी त्याच्यावर केला. तोही सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागतो. तीस वर्षं मी पत्ते हाताळतोय, पण जे मला दिसलं नाही ते या तिघांना दिसलं. शाबास, मुलांनो!"

टाळ्या पडल्या. नवा बगळा मागवून देतो, असंही गस म्हणाले, पण टिल्डाने नकारार्थी मान हलवली.

दाराशी आई उभी होती. फेब्रुवारीपासून तिने या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. तिने सगळं ऐकलं होतं. रुफसने पटकन खुर्ची ओढली. आई टिल्डासमोर बसली आणि फिकट बगळा हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत राहिली.

"छान केलंत रे पोरांनो," ती म्हणाली. "तो मला कितीदा म्हणायचा, 'आई, एक डाव खेळ ना.' मी म्हणायची, 'नंतर.'"

 टिल्डाने सोरेनचा संच पिसला आणि आईपुढे ठेवला.

"आधी सात पत्ते उचल, आई."

आईने एकेक करून सात उचलले.