उजव्या हाताचा सराव

रोहिदासच्या उजव्या हाताला निगडीच्या क्लिनिकमध्ये शिकवणी लावली आहे, असं त्याची बायको साधना शेजारणींना हसून सांगायची. हसायची, कारण रडून झालं होतं. लकवा मारल्यापासून चार महिने तो हात मांडीवर नुसता पडून होता आणि चाकणची कंपनी अजून महिनाभरच थांबणार होती. हात परत आला तर नोकरी, नाहीतर चंबूगबाळं आवरून गावाकडे.

अंजली नावाची तरुण थेरपिस्ट रोज दुपारी त्याच्या डोक्याला ओले स्पंज बांधून हलका करंट सोडायची. समोरचा दिवा लागला की त्यानं टेबलावरच्या खुणेवर ठेवलेला हात मागे ओढायचा. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, तिनं समजावलं होतं, पण शेजारचा भाग त्याचं काम शिकतो. करंट आणि धडपड एकाच क्षणी जुळली की लवकर शिकतो.

आणि हात शिकला. आधी दिवा लागल्यावर बऱ्याच वेळानं हलला, मग दिव्याबरोबर. साधनानं पेढे वाटले. तिसऱ्या आठवड्यात मात्र तो दिव्याच्या आधीच हलू लागला. मेंदूनं ताल ओळखला असेल म्हणून अंजलीनं दिवा वेळी-अवेळी लावून बघितला. तरी हात आधीच मागे.

"काका, तुम्हीच ओढताय ना?"

"मी न्हाई," रोहिदास हळू आवाजात म्हणाला. "त्यो... आपला आपण जातोय."

ती ओढ त्याच्या ओळखीची होती. कंपनीत पत्रा दाबून कापायच्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात बाहेर राहतात. दोन वर्षांपूर्वी टार्गेट भरेना, तेव्हा लाइनचा प्रमुख म्हणून रोहिदासनं ज्योतीरामच्या प्रेसचं एक बटण लाकडी पाचर ठोकून दाबून ठेवलं. एक हात मोकळा, काम दुप्पट. ज्योतीराम घाबरला होता. रोहिदासनं त्याला वेड्यात काढलं आणि चहाला गेला. त्या पोराचा उजवा हात मनगटापासून गेला, महिन्याभरात पोरगंही गेलं. पाचर ज्योतीरामनंच ठोकली असं चौकशीत ठरलं आणि रोहिदासनं मूग गिळले.

आता कुणीतरी रोज दुपारी त्याच्या हातात शिरून वेळेवर मागे यायचा सराव करत होतं. रोहिदासला भयंकर भीती वाटली. पण थांबलं तर हात जाणार, नोकरी जाणार. तो येत राहिला.

शेवटच्या दिवशी हात दिव्याच्या पुष्कळ आधी, सहज बाहेर आला. पण मांडीवर विसावला नाही. टेबलावरून सरकत गेला, त्यानं डाव्या हाताचं मनगट धरलं आणि तो चांगला हात नेमक्या खुणेवर नेऊन दाबून ठेवला.

अंजली हरखली. एवढी पकड म्हणजे फिट सर्टिफिकेट नक्की.

"सोडा आता, काका."

"सुटत न्हाई... बाई, मशीन बंद करा."

तिनं स्पंज काढले, मशीन बंद केलं, प्लग उपसला. खोलीभर प्रेसच्या तेलाचा वास सुटला होता. तरीही दिवा लागला. डाव्या हाताची करंगळी एकदम गार पडली. दिवा पुन्हा लागला, आता करंगळीशेजारचं बोट. अंजली दोन्ही हातांनी ती पकड सोडवत होती आणि गार पडलेली बोटं मोजत होती. चार झाली होती.