छायानटाचं हसू

चहा गाळता गाळता ऋजुता ओरडली, "बाबा, तुला पुरस्कार मिळाला! वर्षातला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता!"

अच्युत सोनटक्के नुसते हसले. तीन वर्षांत ते कॅमेऱ्यासमोर उभेच राहिले नव्हते. काम करत होता त्यांचा छायानट. एका कंपनीने महिनाभर त्यांच्या चेहऱ्यावर कातडीसारख्या पातळ संवेदक-पट्ट्या चिकटवून स्नायूंची बारीकसारीक हालचाल टिपून घेतली होती. आता संगणक त्यांच्याच चेहऱ्याने, त्यांच्याच आवाजात हवी ती भूमिका करायचा. कधी हवालदार, कधी नायकाचा बाप.

पुरस्कार मिळालेला चित्रपट बापलेकीने घरीच लावला. दवाखान्यातला प्रसंग होता. बायको गेल्याचं डॉक्टर सांगतात. पडद्यावरचा बाप बघत राहतो आणि चक्क हसतो. ओशाळल्यासारखं, एवढंसं.

ऋजुताने चित्रपट थांबवला. "बाबा, हे आईच्या वेळचं आहे."

पट्ट्या लावल्या होत्या त्याच महिन्यात नलिनी, त्यांची बायको, गेली होती. निरोप येताच ते पट्ट्या न काढताच दवाखान्यात धावले होते आणि डॉक्टरांसमोर असंच हसले होते.

त्यांनी कंपनीला फोन लावला. "ते हसू काढून टाका. तो अभिनय नव्हता हो."

"सर, पट्ट्यांनी टिपलेलं सगळंच करारात येतं," पलीकडची बाई नम्रपणे म्हणाली. "आणि दिग्दर्शक तेच तर मागतात."

मग त्यांनी ठरवलं, पुरस्कार भर सभेत नाकारायचा.

"ही भूमिका मी केलेली नाही," मंचावरून ते संतापून म्हणाले. "माझी बायको गेली तेव्हाचा माझा चेहरा..." आणि नको नको म्हणताना तेच हसू ओठांवर आलं.

"हुबेहूब!" पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं.

ते विंगेत आले, तर कंपनीचा अधिकारी हात पुढे करून उभा. "अप्रतिम, सर! मंचावरचे कॅमेरे आमचेच होते. आता पट्ट्या लागतच नाहीत. असा अगतिक राग आमच्या संग्रहात नव्हता."

अच्युतरावांच्या तोंडात शिवी आली. अधिकाऱ्याच्या कोटावर कॅमेऱ्याचा ठिपका लुकलुकत होता. त्यांनी शिवी गिळली. भुवया सैल सोडल्या, जबडा सैल सोडला.

ऋजुता धावत आली. "बाबा, बोल ना काहीतरी! असा काय बघतोयस?" तिचे डोळे भरून आले होते.

तिला जवळ घ्यायला त्यांचे हात उचलले गेले आणि तसेच थांबले. पोटच्या पोरीला धीर द्यायचा, तो आता कोणत्या चेहऱ्याने?