सारंगच्या छायेचे मत

संध्याकाळी सहा वाजता सांगलीच्या मुक्तजाळे प्रयोगशाळेत डॉ. कुमुद सबनीस स्वतःच्याच प्रस्तावाविरुद्ध बोलायला उभ्या राहिल्या.

मुक्तजाळ्याला केंद्र नव्हते. घराघरांतली यंत्रे एकमेकांना जोडलेली होती आणि प्रत्येक निर्णय मतांनी होई. मतदार हजर नसला तर त्याची मतछाया मत देई. मतछाया म्हणजे त्याच्या जुन्या मतांवरून शिकलेले संगणकीय प्रारूप; ते मताखाली त्याच्याच ढंगात कारणही लिही. माणूस वारल्यावर वर्षभराने त्याची छाया पुसली जाई.

कुमुदताईंचा मुलगा सारंग अपघातात गेला, त्याला वर्ष होत आले होते. मृतांच्या छाया कायम ठेवाव्यात, असा त्यांचा प्रस्ताव होता.

"मिळमिळीत बोलू नका, ताई," त्यांचा सहकारी बशीर मुल्ला हळूच म्हणाला. "मांडणाऱ्याने उलट बाजू जीव तोडून मांडली नाही, तर प्रस्ताव बाद."

"मला नियम शिकवतोस? मीच लिहिलाय तो."

"म्हणून तर सांगतोय. स्वतःचे नियम तुम्हीच आधी विसरता."

त्या किंचित हसल्या आणि माईककडे वळल्या.

"छाया नवा मुद्दाही जुन्या सवयीने तोलते. सारंग तेविसाव्या वर्षी गेला. तिशीत त्याने कसा विचार केला असता, मला माहीत नाही. यंत्रालाही नाही. तरी त्याला कायम तेवीस वर्षांचा ठेवून आपण उद्याचे निर्णय विचारणार. तो बोलतोय असे आपल्याला वाटेल. खरे तर तो फक्त पुन्हा पुन्हा आठवत असेल."

युक्तिवाद तपासायला नेमलेल्या परीक्षक घरांनी तो ग्राह्य धरला. मतदान सुरू झाले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "सारंगचे आले?"

"आले." बशीर पडद्याकडेच पाहत राहिला. "विरोधात आहे."

"स्वतःच्याच?"

"कारण वाचू?"

"वाच."

"'आईचे बरोबर आहे. तिची भाकरी करपते, मुद्दा करपत नाही.'"

कुमुदताई खुर्चीत बसल्या. "असाच होता तो," त्या म्हणाल्या. "पटले की स्वतःविरुद्धही हात वर करायचा."

छाया हुबेहूब सारंगसारखी होती, याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळाला नसता; आणि तीच छाया स्वतःला पुसा म्हणत होती.

मतदान दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला संपणार होते. साडेनऊ वाजता दोन्ही बाजूंची मते सारखी होती. एकच मत यायचे होते, कुमुद सबनीस यांचे.