शेवटच्या बाईचा मोकळा हात

ऑगस्टातलं ऊन ग्रीसमधल्या लेवाडियाच्या माणसाला नवीन नाही. सेराफिमला तर ते हवंच असायचं, कारण उन्हात प्लास्टर लवकर वाळतं. प्राचीन मूर्तींच्या नकला करून विकायच्या हा त्याचा धंदा. शाळेशी त्याचं लहानपणीच फाटलं होतं, पण कुठल्या देवीचं नाक कोणत्या लढाईत तुटलं हे तो इतक्या ठसक्यात सांगायचा की गिऱ्हाईक नाक तुटलेलीच देवी मागून घ्यायचं. तो म्हणायचा, "अख्खी देवी कोणाच्याही घरी असते हो. तुटलेली म्हणजे खानदानी."

त्या दिवशी तो निघाला होता कालोपेत्रा नावाच्या गावाला. देल्फीच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला जेवणघराच्या भिंतीवर लावायला "काहीतरी जुनं, पण रडकं नको" असं हवं होतं. आता जुन्यात न रडणारं शोधायचं म्हणजे अवघडच. जुने दगड निम्मे थडग्यांवरचे. त्यांवर कोरलेला जो तो कुणाचा तरी निरोप घेत उभा. पण कालोपेत्राला मरियममातेचं चर्च आहे, पडक्या देवळाचे दगड वापरून बांधलेलं, आणि त्याच्या बाहेरच्या भिंतीत एक कोरीव शिळा आहे. तीन तरुण बायका एकमेकींचे हात धरून नाचताहेत. शिकलेले लोक त्यांना चारितेस म्हणतात. सौंदर्य, आनंद आणि बहर अशा तीन बहिणी. गावात मात्र हे नाव कोणी घेत नाही. गावकरी त्यांना नुसतं "चांगल्या बाया" म्हणतात, आणि तेही आवाज खाली आणून.

त्या भागात नाच म्हणजे हातात हात गुंफलेली लांब रांग. रांगेच्या शेपटाला जो असतो त्याचा एक हात मोकळा उरतो. तो मोकळा ठेवायचा नाही. रुमाल धरायचा, तुळशीची डहाळी धरायची, काहीच नसलं तर कमरेवर ठेवायचा. का, ते कोणी सांगत नाही. शिळेवरच्या तिसऱ्या बाईचा हातही असाच रांगेबाहेर पसरलेला आहे, तळवा उघडा. त्या तळव्यात गावातल्या बायका रोज ताजी तुळस खोचतात.

सेराफिम मुद्दाम भर दुपारी पोचला. त्या वेळेला सगळं गाव दारं लावून झोपतं आणि शिळेकडे तर चिटपाखरू फिरकत नाही. गावकऱ्यांना मध्ये घेतलं की आधी कॉफी, मग पाद्री, मग सरपंच, आणि काम राहतं बाजूला. त्याने दगडाला साबण-तेल चोपडलं, लाकडी चौकट बसवली, तळव्यातली तुळस काढून खाली टाकली आणि साच्यासाठी प्लास्टर थापायला घेतलं.

ऑलिव्हच्या झाडांवरचे किडे कानठळ्या बसतील असे किरकिरत होते. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, तसं ते झालं. सेराफिमने सवयीने त्याला हात लावून पाहिलं. आजारी माणसाच्या कपाळाला लावावा तसा... आणि त्याच क्षणी सगळे किडे एकदम गप्प झाले. चुरगळलेल्या तुळशीचा वास आला. साचा दगडापासून सोडवताना नेहमी जोर करावा लागतो, पाचर घालावी लागते. आज तो अलगद सुटून त्याच्या हातात आला, जणू पलीकडून कोणीतरी ढकलून दिला.

"कोण रे तो? सेराफिम?"

चर्चच्या किल्ल्या सांभाळणारी स्टामाता म्हातारी कोपऱ्यावर उभी होती, नखशिखान्त काळ्या कपड्यांत.

"मीच, मावशी. झोपली नाहीस?"

"तुझ्या गाडीच्या धडधडीने मेलेला उठेल, मी तर जिवंत आहे." मग तिची नजर शिळेवर गेली. "तुळस कुठाय?"

तुळस त्याच्या बुटाखाली होती. "दुसरी लावतो ना."

"इथल्या हाताला मी लावीन. पण तू घेऊन चाललायस तो हात? तो मोकळाच घेऊन चाललास?"

"मावशी, हा हात नाही. हा हाताचा खड्डा आहे."

"मग तर आणखीच वाईट," म्हातारी म्हणाली. "खड्डा भरून मागतो."

सेराफिम हसला. धंद्यात अशा म्हाताऱ्या त्याला गावोगाव भेटायच्या.

कारखाना म्हणजे घराचीच मागची खोली. तिथे त्याची मुलगी गारूफालिया, घरातली फालिया, नव्या नकलांना कॉफीचं पाणी चोपडून जुनं रूप द्यायची. "बाबा, हिला किती म्हातारी करू?" असं ती विचारायची आणि बाप म्हणायचा, "गिऱ्हाईक अमेरिकन आहे, अजून एक कप चढव." लहानपणीच्या तापाने तिचा डावा पाय आखूड राहिला होता. आई गेल्यापासून घर तिच्यावरच. जत्रेत सगळ्या पोरी नाचायच्या आणि फालिया बाकावर बसून त्यांच्या शाली सांभाळायची. सेराफिमच्या काळजात हे एकच कुसळ होतं, पण ते फार आत गेलेलं.

नवा साचा त्याने दारासमोर टांगला. त्यामागे एक जुनी गंमत होती. साच्यातला चेहरा खोलगट असतो, पण जरा लांबून पाहिलं तर तो वर आलेला वाटतो, आणि आपण चालू लागलो की तोही मान वळवून आपल्याकडे पाहत राहतो. सगळा नजरेचा खेळ. एकदा दंड करायला आलेला जाडा हवालदार अशाच एका साच्यासमोर चार वेळा इकडून तिकडे गेला, शेवटी टोपी काढून "माफ करा, बाई" म्हणाला आणि दंड न करताच परतला. सेराफिम ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा.

संध्याकाळी तो स्टुलावर बसून विडी ओढत होता. फालिया दारातून आली आणि लंगडत पाण्याच्या माठाकडे गेली. साच्यातल्या तिन्ही चेहऱ्यांनी तिच्यासोबत माना वळवल्या.

विडी त्याच्या बोटापर्यंत जळत आली. पाहणारा हलला तरच तो चेहरा हलतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आणि तो तर जागचा हललाच नव्हता.

उठून त्याने साच्याला हात लावला. प्लास्टर केव्हाच गार पडलं होतं. फक्त तिसऱ्या बाईच्या तळव्याचा खड्डा अजून कोमट होता. त्याने चिकणमातीचा गोळा त्यात चेपून बसवला. सकाळी गोळा जमिनीवर पडलेला होता, आणि त्यावर चार बोटांच्या खुणा होत्या, मुठीत आवळल्यासारख्या. बोटं बारीक होती. त्याची नव्हती.

पुढच्या दुपारी तो आडवा झाला होता. फालियाची पावलं त्याला झोपेतही ओळखू यायची, एक जड, एक हलकं. कारखान्यातून पावलांचा आवाज येत होता. दोन्ही पावलं सारखी पडत होती.

तो दाराशी गेला. फालिया साच्यासमोर नाचत होती. एक हात बाजूला, हवेत, कोणीतरी धरल्यासारखा. पाय अचूक पडत होते. ती हळूच हसत होती.

"फालिया..."

"ओरडू नका हं, बाबा."

"पाय... पाय दुखत नाही तुझा?"

"कुठला पाय?" ती म्हणाली.

सेराफिमला रडू आलं. बाप होता तो. ते आनंदाचंच होतं. पण चार घास खायला ती बसेना. भाकरी तशीच राहायची. "पोट भरलंय," ती सांगायची. कशाने, ते तिलाही सांगता येत नव्हतं. "छान वाटतंय पण," एवढंच. दिवसेंदिवस ती इतकी सुंदर दिसू लागली की दूधवाला कॅन खाली ठेवायचा विसरला. आणि मग सेराफिमच्या एक गोष्ट ध्यानात आली. ती दिवसभर कॉफीच्या पाण्यात हात घालायची, तिची बोटं वर्षानुवर्षं तपकिरी असायची. आता बोटांवरून ते पाणी ओघळून जात होतं. बोटं पांढरीशुभ्र. डाग धरेनाशी झालेली.

त्याने गाडी काढली आणि कालोपेत्रा गाठलं. स्टामाता म्हातारी ओट्यावर शेंगा सोलत होती. सगळं ऐकून घेतलं तरी तिचे हात थांबले नाहीत.

"माझी थोरली बहीण अशीच गेली," ती म्हणाली. "हसत-हसत. इतकी देखणी दिसत होती की रडायचंही कोणाला सुचलं नाही."

"मी फोडतो तो साचा. आत्ता जाऊन फोडतो."

"फोड. हात मोकळाच राहील, फक्त कुठे आहे ते तुला कळायचं नाही."

सेराफिम मटकन पायरीवर बसला. "मावशी, माझ्या चुकीचं पोरीवर का?"

"त्या वाईट नाहीत रे. त्यांना नाचायला माणूस लागतं, एवढंच. हात मोकळा दिसला की धरतात. तुझ्या घरात तिच्या पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. रांगेत आण तिला. परवा मरियममातेचा सण आहे, सगळ्यांमध्ये नाचू दे. फक्त शेवटी नको."

"मग शेवटी कोण?"

म्हातारी त्याच्या हाताकडे पाहत राहिली.

सणाच्या दिवशी प्रार्थना संपली, चर्चच्या अंगणात मटणाच्या कढया उतरल्या आणि क्लॅरिनेट वाजू लागलं. रांग धरली गेली. फालिया बाकावर बसलीच नाही. ती उठली, सरळ चालत गेली आणि रांगेच्या शेपटाला जोडली गेली. लोक पाहतच राहिले. "अगं बाई, ही तर सेराफिमची पोर!" कोणीतरी म्हणालं. फालियाच्या हातात रुमाल नव्हता की तुळस नव्हती. मोकळा हात तिने खुशाल बाहेर पसरला होता, तळवा उघडा.

बायको गेल्यापासून सेराफिम नाचला नव्हता. तो धावला. तिची बोटं हातात घेताना ती दगडासारखी गार लागली. मागून एक गडी ओरडला, "सेराफिमकाका, सांभाळून, गुडघे घरी विसरलात!" सगळे हसले. सेराफिमही हसला. मग त्याने आपला दुसरा हात कमरेवर ठेवला नाही. खिशात रुमाल होता, तोही काढला नाही. त्याने हात पसरला.

एक फेरी झाली. झाडांवरचे किडे थांबले. क्लॅरिनेट वाजतच होतं, पण लांब गेल्यासारखं. तुळशीचा वास आला... आणि त्याच्या तळव्यात एक हात येऊन बसला. आवळला नाही, ओढला नाही. चांगल्या घरच्या पाहुणीने धरावा तसा, अदबीने. घट्ट होणारं प्लास्टर असतं तेवढाच गरम.

त्याने तिकडे पाहिलं नाही.

"बाबा," फालिया कण्हली. "पाय दुखतोय..."

एक जड, एक हलकं. ती अडखळली, त्याने तिला तोलून धरलं. तिच्या तोंडावरचं हसू विझताना त्याने पाहिलं. आपण पोरीच्या हातून काय काढून घेतलं, हे त्याला नीट कळलं होतं. आणि काय परत मिळवलं, हेही.

गाणं संपलं. सगळ्यांनी हात सोडले. त्याच्या दुसऱ्या हातातला हात मात्र आणखी एक पाऊल पुरं होईपर्यंत थांबला. मग गेला.

त्या संध्याकाळी फालिया पोटभर जेवली. बापाशी बोलली नाही. शेवटी ताट सारताना एवढंच म्हणाली, "मटणाला मीठ कमी होतं." सेराफिमला त्या वेळी ते वाक्य कुठल्याही भजनापेक्षा गोड लागलं. तिची बोटं पुन्हा तपकिरी झाली. साच्यातले चेहरे पुन्हा पाहणाऱ्याकडेच वळू लागले. नक्कल हॉटेलवाल्याला पोचली आणि तो खूश झाला.

फालियाचं पुढे लग्न झालं, एका मधमाश्यावाल्याशी. मुलगी झाली, तिचं नाव मिर्सिनी. सेराफिम मात्र दर सणाला रांगेच्या शेपटाशी उभा राहतो. जावई म्हणतो, "मामंजी, बसा आता, तुमच्या जागी मी जातो." तो ऐकत नाही. दरवर्षी किडे थांबतात, दरवर्षी तो हात येतो, आणि खरं सांगायचं तर आता त्याला त्याची भीती वाटत नाही. शेवट आपल्यापाशी अडला आहे, एवढं त्याला पुरतं.

गेल्या वर्षीचं ऊनही असंच होतं. सेराफिम नाचत होता. अलीकडच्या हातात फालिया, पलीकडच्या हातात ती ऊब. रांग चर्चच्या कोपऱ्यावर वळली, आणि वळताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्याची नजर चुकून मागे गेली.

त्याच्या हाताशी कोणी दिसत नव्हतं. पण त्याच रेषेत, बरीच मागे, मिर्सिनी चालत होती. चवड्यांवर, कौतुकाने वर पाहत. उंच माणसाने हात धरल्यावर लहान पोराचा खांदा जसा वर खेचला जातो तसा तिचा एक हात वर होता, आणि पाय अगदी ठेक्यात पडत होते.

आजोबाच्या आणि नातीच्या हातांमध्ये तीन माणसं मावतील एवढी जागा होती.